खोडलेले तीन आकडे

इंग्लंडमधल्या बर्नली गावातल्या एका घराचा १९११ च्या शिरगणतीचा कागद माझ्यासमोर उघडा होता. चार खोल्यांचं घर. पहिल्या ओळीत घरातली कर्ती बाई, वय ५४, विधवा. तिच्याखाली दोन मुली, एक मुलगा आणि एक भाडोत्री. बाईच्या नावापुढच्या तीन बारक्या रकान्यांत तीन आकडे होते : ९, ४, ५. आणि त्या तिन्ही आकड्यांवरून कुणीतरी लाल शाईची रेघ ओढून ते खोडून टाकले होते.

ही बाई म्हणजे माझ्या सासूबाईंची पणजी, नवऱ्याची खापरपणजी. तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. सासूबाईंची तेवढीच अट आहे. "सगळं सांग, नाव तेवढं नको. तिनं कुणाला आपलं नाव छापायला सांगितलं नव्हतं." म्हणून या लेखात ती नुसती पणजी.

दोन हिवाळ्यांपूर्वी सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्या सहा आठवडे आमच्याकडे राहिल्या. वय ऐंशीच्या पुढे, पण पडून राहायची सवय नाही. येताना कपड्यांच्या बॅगेतून त्यांनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणला होता. त्यात त्यांच्या आजीने जपलेले कागद होते : पणजीच्या लग्नाचा दाखला, दफनाच्या खर्चासाठी आठवड्याला एक पेनी भरायच्या विम्याचं पुस्तक, को-ऑपच्या, म्हणजे सहकारी दुकानाच्या पावत्या आणि आजीची पाककृतींची वही, जिच्या पानांवर अजून चरबीचे डाग आहेत. डबा त्यांनी स्वतःच्या मुलाच्या नाही, माझ्या हातात दिला. त्याला जुन्या कागदांचा कंटाळा आहे आणि मला ते हातात घेतल्यावर सोडवत नाहीत, हे त्यांनी केव्हाच ओळखलं होतं.

माझे वडील बुलढाणा जिल्ह्यात तलाठी होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यांच्या दप्तराशेजारी बसून असायची. सात-बारा, फेरफार, पीकपेरा हे शब्द मला कवितांच्या आधी पाठ झाले. ते एक गोष्ट नेहमी सांगायचे : नोंद वाचायच्या आधी रकान्याचं डोकं वाच. कागदाला जे विचारलं, तेवढंच तो सांगतो. इंग्लंडमधल्या विणकरांच्या घराण्याचा माग काढताना हे वाक्य माझ्या उपयोगी पडेल, असं ना त्यांना वाटलं असेल ना मला.

तर रकान्यांची डोकी. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, लग्न, मृत्यू यांची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. त्याआधीचं सगळं चर्चच्या वह्यांत, त्या १५३८ पासून ठेवायला सांगितलेल्या. दर दहा वर्षांनी होणारी शिरगणती १८०१ ची, पण घराघरातल्या सगळ्यांची नावं देशभर लिहिली गेली ती १८४१ पासून. त्या वर्षी पंधराच्या वरच्या माणसांची वयं पाचाच्या पाढ्यात खाली आणून लिहायची होती, म्हणून ३९ वर्षांची बाई ३५ ची होऊन बसते आणि नवखा माणूस बहिणीला भावजय समजून वर्षभर भटकतो. शिरगणतीचे कागद १०० वर्षं बंद ठेवतात. १९२१ चे जानेवारी २०२२ मध्ये खुले झाले. त्यापुढे वाट जवळजवळ संपतेच, कारण १९३१ चे कागद १९४२ मधल्या आगीत जळाले आणि १९४१ ला युद्धामुळे शिरगणती झालीच नाही. मधल्या अंधारात एकच दिवा आहे, २९ सप्टेंबर १९३९ ला ओळखपत्रं आणि रेशनसाठी केलेली नोंद. त्यात घरोघरच्या बायकांच्या पुढे व्यवसाय म्हणून एकच शब्दप्रयोग ओळीने येतो : बिनपगारी घरकाम. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा कितीतरी वेळ त्या पानावरच राहिले. निदान काम म्हणून लिहिलं, असं वाटलं.

१९११ चा कागद या सगळ्यांत वेगळा आहे. त्याआधी प्रगणक घरोघरचे अर्ज गोळा करून आपल्या वहीत उतरवून घ्यायचा आणि मूळ अर्ज नष्ट व्हायचे. आपल्याला दिसतं ते प्रगणकाचं अक्षर. १९११ ला मात्र घरच्यांनी स्वतःच्या हाताने भरलेला अर्जच राखून ठेवला गेला. २ एप्रिल, रविवार. त्या रात्री घरात कोण कोण झोपलं होतं ते लिहायचं, खोल्या किती ते लिहायचं (स्वयंपाकघर धरायचं, मोरी धरायची नाही), आणि खाली सही. त्या वर्षी एक नवा प्रश्न होता. जन्माचं प्रमाण घटतंय याची सरकारला चिंता लागली होती, म्हणून विवाहित बाईने सांगायचं : लग्नाला किती वर्षं झाली, जिवंत जन्मलेली मुलं किती, त्यांतली आज हयात किती, गेली किती.

विवाहित बाईने. विधवेने नाही. पणजीचा नवरा १९०३ मध्ये गेला होता, तेव्हा हे रकाने तिच्यासाठी नव्हतेच. पुढे कचेरीत अर्ज तपासताना कारकुनाने तिचे आकडे मोजणीत येऊ नयेत म्हणून रेघ मारली. ते त्याचं कामच होतं. असे अर्ज पुष्कळ सापडतात. इंग्लंडभरच्या किती विधवांनी न विचारता हे आकडे लिहिले आणि किती कारकुनांनी ते खोडले! रेघेखालून ते अजून स्वच्छ वाचता येतात.

नऊ, चार, पाच. चार मुलं मला ठाऊक होती. उरलेली पाच शोधायची असं त्या रात्री ठरवलं.

पण आधी पणजी स्वतः. तिला मी पहिल्यांदा गाठलं ७ एप्रिल १८६१ च्या शिरगणतीत. चार वर्षांची, आई आणि बाप दोघेही विणकर, यंत्रमागावरचे. शेजारीपाजारी सगळे विणकर, सूत गुंडाळणारे, सांधणारे, मागवाले. रकान्यात खालपर्यंत एकच शब्द : कॉटन, कॉटन, कॉटन. त्या तारखेनंतर बरोबर पाच दिवसांनी, १२ एप्रिलला, अमेरिकेत यादवी युद्धाची पहिली तोफ डागली गेली. प्रगणकाच्या वहीतली शाई जेमतेम वाळली असेल. लँकेशरला, म्हणजे बर्नली ज्यात येतं त्या परगण्याला, लागणाऱ्या कापसाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक वाटा अमेरिकेच्या दक्षिणेतून, गुलामांच्या हातून यायचा. उत्तरेने बंदरं अडवली. सुरुवातीला गोदामं भरलेली होती म्हणून झळ लगेच लागली नाही, १८६२ मध्ये मात्र गिरण्या एकामागून एक थंड पडल्या आणि वर्षाखेरीला कापूसपट्ट्यातले जवळपास ५ लाख लोक मदतीच्या अन्नावर आले. याला तिकडे कापसाचा दुष्काळ म्हणतात. धुराडी बंद होती, त्यामुळे त्या दोन-तीन वर्षांत या गावांवरचं आभाळ निळं दिसत असेल, असं मला नेहमी वाटतं.

आणि इथे माझं माहेर येतं. अमेरिकेचा कापूस येईना, म्हणून लिव्हरपूलच्या बाजारात हिंदुस्थानचा कापूस आला. पश्चिम हिंदुस्थानातून येणाऱ्या मालाला सरसकट सुरत म्हणायचे, आणि त्यातल्या वऱ्हाडी मालाला 'ऊमरा'. ऊमरा म्हणजे उमरावती, आपली अमरावती. माझे आजोबा खामगावचे. त्या तेजीत गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवणाऱ्या शेतकऱ्यांची गोष्ट ते आपल्या आजोबांकडून ऐकून आम्हाला सांगायचे. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळला, मुंबईत पेढ्या बुडाल्या. तरी तोवर कापसाच्या मागे आगगाडी निघाली होती. १८६७ पर्यंत ती वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली आणि १८७० मध्ये जलंबहून खामगावला फाटा आला. त्याच फाट्याच्या गाडीने मी कॉलेजला जायची.

ज्या कापसाने आमच्याकडे चांदी केली, त्याने बर्नलीत काय केलं हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. आपला कापूस आखूड धाग्याचा, त्यात सरकी, पानं, माती. मागावर सूत सारखं तुटायचं. विणकराला मजुरी कापडावर मिळायची, दिवसावर नाही. म्हणजे राबायचं दुप्पट आणि शनिवारी हातात निम्मं. सुरत हा शब्दच लँकेशरमध्ये वाईट मालासाठी वापरला जाऊ लागला. एका प्रार्थनासभेत पाद्रीबुवा देवाकडे कापूस मागत होते, तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "पण सुरत नको, देवा!" अशी गोष्ट तिकडे सांगतात. ती मी सासूबाईंना सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "आजी चहाच्या फुटक्या कपलासुद्धा सुरत म्हणायची. मला वाटायचं तो कुठलातरी जुना लँकेशरचा शब्द आहे." आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. माझ्या खापरपणजोबांच्या शेतातली बोंडं आणि त्यांच्या पणजीच्या आईच्या मागावर तुटणारं सूत यांच्यामध्ये एकच समुद्र होता. त्या दोन घरांत कुणालाच दुसऱ्या घराचा पत्ता नव्हता.

पुढच्या दोन शिरगणतींत मी पणजीला हरवून बसले. बर्नलीत तिच्याच नावाची, तिच्याच वयाची दुसरी विणकरीण होती. मी सात महिने त्या दुसऱ्या बाईच्या मागे गेले. तिची मुलं, तिचा दारुडा सासरा, तिचं वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधारांना राबवून घेणाऱ्या आसऱ्यात, आलेलं मरण, सगळं शोधून काढलं. एका वेबसाइटवर कुणीतरी हीच चूक आधी करून ठेवली होती आणि ती आणखी अकरा जणांनी डोळे मिटून उतरवून घेतली होती. बारा ठिकाणी एकच गोष्ट दिसली की ती खरी वाटायला लागते. सुटका केली ती डब्यातल्या लग्नाच्या दाखल्याने. १८७७ चा. त्यात बापाचं नाव आणि धंदा वेगळा होता. त्या दुसऱ्या बाईला मी सोडून दिलं खरं, पण तिचेही कागद माझ्याकडे एका पाकिटात आहेत. तिच्या मागे कुणी शोध घेत येईल तेव्हा देईन.

त्या दाखल्यावर पणजीची सही नाही, फुली आहे. शेजारी पाद्रीबुवांच्या अक्षरात : हिची खूण. लहानपणी अर्धा दिवस गिरणीत आणि अर्धा दिवस शाळेत, असा त्या पोरांचा कायदेशीर दिनक्रम होता. पहाटेपासून उभं राहून आलेलं पोर दुपारी बाकावर बसल्या बसल्या झोपायचं. फुली बघताना मला ते झोपलेलं पोर दिसतं.

गिरणीतलं आयुष्य मात्र कागदावर जवळजवळ येतच नाही. व्यवसायाच्या रकान्यात दोन शब्द, कापूस विणकर, आणि त्या दोन शब्दांत चाळीस वर्षं. ती चाळीस वर्षं मला सासूबाईंच्या तोंडून मिळाली, त्यांना त्यांच्या आजीकडून. ही आजी म्हणजे पणजीची धाकटी मुलगी, १८८९ ची. १९०१ च्या शिरगणतीत ती १२ वर्षांची आहे आणि तिच्यापुढे लिहिलंय : विणकर, अर्धवेळ.

पहाटे लांब काठी घेतलेला माणूस गल्लीतून यायचा आणि वरच्या मजल्याच्या खिडकीवर टकटक करायचा. त्याला आठवड्याला एखाद-दोन पेन्स मिळायचे. मग सगळ्या गल्लीतून क्लॉगचा आवाज. लाकडी तळाचे, खाली लोखंडी पट्टी मारलेले बूट, दगडी रस्त्यावर शेकडोंनी. एकेक विणकरीण चार-चार माग सांभाळायची. धोट्यातलं सूत संपलं की नवी कांडी घालायची आणि धोट्याच्या छिद्राला तोंड लावून श्वासाने सुताचं टोक बाहेर ओढायचं. याला तिकडे धोट्याचा मुका म्हणतात. एकाच धोट्याला दिवसभरात कुणाकुणाची तोंडं लागायची, तुसं छातीत जायची, दात किडायचे. लँकेशरमध्ये यावर कायद्याने बंदी आली ती थेट १९५२ मध्ये. आजीचे पुढचे दात तिशीतच गेले होते.

घरी सोमवार धुण्याचा. शुक्रवारी चुलीच्या लोखंडाला काळं पॉलिश. आणि उंबरा. दारातली दगडी पायरी ओली करून तिच्या कडेने डाँकी स्टोनने पांढरी किंवा पिवळसर पट्टी ओढायची. हा दगड विकत घ्यायचा नसे, आपल्या बोहारणीसारखा एक गाडीवाला यायचा, त्याला जुने कपडे द्यायचे आणि तो दगड द्यायचा. ज्या घराची पायरी पांढरी नाही त्या घरातल्या बाईबद्दल गल्ली काय बोलायची ते सासूबाईंनी मला सांगितलं, ते मी लिहीत नाही. माझी आई पहाटे सडा घालून दोन बोटांची का होईना रांगोळी ओढल्याशिवाय चहा घ्यायची नाही. गुडघ्यावर बसून पायरी घासणाऱ्या बायांचा जुना फोटो मी तिला पाठवला, तर तिचा लगेच निरोप आला : यांना थंडी नाही का वाजत?

को-ऑपच्या पावत्यांवर प्रत्येक सभासदाचा नंबर असायचा. १८४४ मध्ये जवळच्याच रॉचडेलला विणकर आणि कारागिरांनी मिळून काढलेल्या दुकानातून ही पद्धत सगळीकडे पसरली. खरेदी करताना नंबर सांगायचा, म्हणजे नफ्यातला वाटा त्या नावावर जमा. पोरांना घराचा पत्ता पाठ नसला तरी चालेल, हा नंबर पाठ हवा. सासूबाईंना आजीचा पाच आकडी नंबर अजून येतो. मी डब्यातल्या पावतीवर बघत होते, त्या पाठमोऱ्या उभ्या राहून भांडी पुसत होत्या. एकही आकडा चुकला नाही.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात आम्ही बर्नलीजवळच्या हार्ले साइकला क्वीन स्ट्रीट मिल बघायला गेलो. वाफेवर चालणारा जुना विणकामाचा कारखाना, १९८२ पर्यंत चालला, आता संग्रहालय आहे. वाफेच्या इंजिनाचं नाव पीस, पहिल्या महायुद्धानंतर ठेवलेलं. शेडमध्ये तीनशेच्या वर माग ओळीने उभे आहेत. दाखवण्यापुरते त्यांतले मोजकेच सुरू करतात. ते सुरू झाले आणि मला पायांतून, दातांतून आवाज आला. कानांनी ऐकण्याचा प्रश्नच नव्हता. सगळे माग चालू असताना काय होत असेल याचा अंदाज बांधायची माझी हिंमत झाली नाही. सासूबाई चार-पाच माग सोडून पलीकडे उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून तोंड हलवलं. ओठ मोठे करून, जबडा पुरा उघडून, भुवया उंचावून, आवाज मात्र बिलकुल नाही. मला कळलं की त्या चहाबद्दल विचारताहेत.

याला मी-मॉ म्हणतात. गिरणीतल्या बायांची भाषा. शेडच्या या टोकावरून त्या टोकाला पोरांची दुखणी, लग्नं, भांडणं, सगळं ओठांवरून. आणि घरी आल्यावरही ती सुटायची नाही. आजी बहिरी झाल्यावरही चर्चमध्ये पलीकडच्या बाकावरच्या बाया काय बोलताहेत ते वाचायची. सासूबाई म्हणाल्या, "जे पुरुषांसमोर, पोरांसमोर बोलायचं नसतं, ते सगळं मी-मॉमध्ये. बाळंतपण, पोटातला गोळा, कुणाचं मूल जगणार नाही ते. आम्ही पोरी टेबलाखाली बसून त्यांच्या तोंडांकडे बघत बघत शिकलो."

आता ती पाच मुलं. दहा वर्षांच्या अंतराने होणाऱ्या शिरगणतीत दोन शिरगणतींच्या मधे जन्मून गेलेलं मूल कधीच दिसत नाही. त्यासाठी जन्म आणि मृत्यूच्या सूच्या लावून बघाव्या लागतात, तिमाहीवार. सरकारी नोंदणी कचेरीच्या ऑनलाइन सूचीत आता अगदी १८३७ पासूनच्या जन्मांपुढे आईचं माहेरचं आडनाव दिसतं. हे आडनाव नसतं तर मी एकही मूल शोधू शकले नसते. बायांची माहेरची आडनावं पुसून टाकणाऱ्या देशात शेवटी वाट दाखवली ती त्या आडनावानेच.

पहिली मुलगी १८७९ ची, अकरा महिन्यांची होऊन गेली. तिचं नाव पुढे १८८२ ला झालेल्या मुलीला दिलं. मी आधी ही एकच मुलगी समजत होते आणि वयाचा घोळ प्रगणकाच्या माथी मारत होते. तिकडे ही सर्रास चाल होती. गेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला द्यायचं. रोज त्या नावाने हाक मारताना तिला काय वाटत असेल, याचा विचार करत मी एकदा ऑफिसमध्ये काम बाजूला ठेवून बसून राहिले होते.

दुसरा मुलगा ऑगस्ट १८८७ मध्ये गेला, सात महिन्यांचा. त्याच्या मृत्यूचा दाखला मी मागवला. कारण : अतिसार, आचके. तिथल्या उन्हाळ्यात तान्ही मुलं अशीच जायची. परसातले संडास, माश्या, दूध टिकत नाही. आई कामावर, मूल शेजारणीकडे, दिवसाला काही पेन्स देऊन. शेजारीण कोमट दुधात पाव कुस्करून भरवायची, किंवा लांब रबरी नळीची बाटली तोंडात द्यायची, जी आतून कधी स्वच्छ होतच नसे. रडायला लागलं की दुकानात मिळणारं अफू घातलेलं गोड औषध. बाळंतिणीला चार आठवडे कामावर घ्यायचं नाही असा कायदा १८९१ मध्ये झाला, आणि ते चार आठवडेही बिनपगारी. अधिकारी, डॉक्टर, पाद्री सगळे एका सुरात आयांना दोष देत होते की या कामावर जातात म्हणून मुलं मरतात. हे मला वाचवत नाही. १८९९ मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये जन्मलेल्या दर १००० मुलांमागे १६० च्या वर मुलं वर्षाच्या आत गेली. तेवढ्या सगळ्या आया काय बेफिकीर होत्या?

दाखल्यावर खबर देणारीचं नाव पणजीचं. पुढे लिहिलंय : मृत्यूसमयी हजर. आणि खाली परत फुली.

तिसरं आणि चौथं मूल दोन महिन्यांच्या अंतराने गेली, १८९४ च्या हिवाळ्यात, गोवराने. पाचवं काही केल्या सापडेना. पोटातच गेलेलं असेल तर कुठेच नोंद नसणार, कारण मृतजन्मांची नोंद इंग्लंडमध्ये १९२७ पर्यंत नव्हतीच. पण पणजीने तर जिवंत जन्मलेली नऊ सांगितली होती. अखेर मी नावाने शोधणं सोडलं आणि नुसत्या आईच्या माहेरच्या आडनावाने एकेक तिमाही बघत गेले. १८८४ च्या शेवटच्या तिमाहीत तो निघाला. नावाच्या जागी नाव नाही. तिथे लिहिलंय 'मेल'. मुलगा, एवढंच. त्याच तिमाहीत मृत्यूच्या सूचीतही तोच, वय शून्य. नाव ठेवायलाही वेळ मिळाला नव्हता.

दफनभूमीच्या नोंदवहीत पाचही जण आहेत, पाच वेगवेगळ्या सार्वजनिक खड्ड्यांत, दरवेळी अनोळखी माणसांबरोबर. पेनीच्या विम्यात पेटी आणि गाडी बसायची, स्वतःची जागा बसायची नाही. सासूबाई आणि मी तिथे गेलो तेव्हा त्या भागात नुसतं गवत होतं आणि पाऊस होता. सासूबाईंनी काठी टेकत सगळा भाग एकदा चालून घेतला. बोलल्या काहीच नाहीत.

गेल्या मार्चमध्ये मी तो १९११ चा अर्ज मोठ्या कागदावर छापून त्यांच्या स्वयंपाकघरात नेला. मला त्यांना एक गोष्ट मुद्दाम दाखवायची होती. १८७७ ला फुली, १८८७ ला फुली, आणि १९११ ला बघा, सगळा अर्ज सुबक अक्षरात भरलेला. मधल्या चोवीस वर्षांत पणजी लिहायला शिकली होती. नवरा गेला, घर एकटीवर आलं, आणि न विचारलेल्या रकान्यात तिने स्वतःच्या हाताने ते तीन आकडे लिहिले. वर्षभर हे चित्र मी मनात जपलं होतं.

त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. मग उठून डबा आणला, त्यातली पाककृतींची वही काढली आणि आल्याच्या केकचं पान उघडून अर्जाशेजारी ठेवलं. रोमन 'डी'ची पाठ डावीकडे पार मागे वळलेली, दोन्हीकडे तशीच. नऊच्या आकड्याचा पाय सरळ काठीसारखा खाली गेलेला, दोन्हीकडे तसाच.

"हे आजीचं अक्षर आहे, लव."

फक्त तळाची सही वेगळी होती. एकेक अक्षर सुटं, प्रत्येकाच्या आधी टाक उचलून विचार केल्यासारखं, शेवटचं अक्षर ओळ सोडून वर चढलेलं. तेवढंच पणजीचं.

म्हणजे ती शिकली होती, पण नावापुरतं. अर्ज भरला तो बावीस वर्षांच्या मुलीने. रविवारची संध्याकाळ, टेबल, त्यावर अर्ज. मुलगी रकान्यांची डोकी वाचून दाखवतेय, आई उत्तरं देतेय. हा रकाना आपल्याला नाही हे मुलीला वाचता येत होतं. तरी तिने विचारलं, किंवा न विचारता आईने सांगितलं, आणि मुलीने लिहून घेतलं. १८८४ चा तो बिननावाचा मुलगा तिच्या जन्माच्या पाच वर्षं आधीचा. त्याच्याबद्दल तिला त्या संध्याकाळपर्यंत ठाऊक होतं का?

"भाडोत्री घरात होता ना," मी म्हटलं. "त्याच्यासमोर सांगितलं असेल?"

"छे. मोठ्यानं कशी बोलेल?"

त्यांनी कागदावर लाल रेघेखालच्या पहिल्या आकड्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे मान वर केली. भुवया उचलल्या. ओठ हलले, आवाज नाही. बोट सरकलं, पुन्हा ओठ हलले. ते दोन मला नीट वाचता आले नाहीत. तिसऱ्या आकड्यावर बोट आलं. वरचे दात खालच्या ओठावर टेकले, तोंड रुंद उघडलं, आणि दात पुन्हा ओठावर येऊन थांबले.